एक सैल टाका

ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसे. आधी बाही, मग कोपर, मग कॉलर. माणूस सगळ्यात शेवटी.

सुईत दोरा ओवताना ती सुई दोऱ्याकडे न्यायची. दोरा सुईकडे कधीच नाही.

चहा भिंतीकडे तोंड करून प्यायची. कापडावर थेंब उडू नये म्हणून लागलेली सवय. समोर कापड नसलं तरी ती तशीच बसे.

दोरा तोडताना श्वास धरायची.

रंगांना तिची स्वतःची नावं होती. शिळ्या पावाचा. ओल्या फरशीचा. म्हाताऱ्या उंदराचा. "हा म्हाताऱ्या उंदराचा नाही, तरण्या उंदराचा आहे," असं ती गंभीरपणे सांगे आणि गिऱ्हाईक निमूट मान डोलवे.

एका बोटाचं नख वाढवलेलं, बाकी नऊ मुळापासून कापलेली.

कुणी "छान दिसतंय हो काम" म्हटलं तर तिला राग यायचा. दिसतंय म्हणजे चुकलं.

सगळे तिला सुईआत्या म्हणत. नाव भाचीनं, धाकट्या भावाच्या मुलीनं ठेवलं, बोलायला लागली त्या दिवसांत. घरात आत्या एकच, तरी तिनं पुढे सुई जोडली. मग गल्लीनं ते उचललं, मग गिऱ्हाइकांनी. खरं नाव फक्त इस्पितळाच्या केसपेपरवर उरलं.

घराच्या पुढच्या भागात या भावाची लाँड्री होती. काउंटर, त्यामागे इस्त्रीचं टेबल, वाफ, आणि वाफेच्या पलीकडे आत्याची खोली. पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद. खिडकी उत्तरेला. तिथून उजेड यायचा, ऊन यायचं नाही. त्या खिडकीखाली बसून ती रफू करायची. जळलेलं, कसरीनं खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड तिच्याकडे यायचं आणि न फाटल्यासारखं परत जायचं. ठिगळ नाही, शिवण नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथं कुणी बघत नाही तिथून, ती एकेक धागा सोडवून घ्यायची. भोकावर आधी उभे धागे ताणायची. मग त्यांच्या वरून-खालून आडवे विणत जायची. मूळ विणीशी एका धाग्याचाही फरक नको. बटणाएवढ्या भोकाला दीड दिवस लागायचा.

काम वडिलांकडून आलं होतं. कामाबरोबर त्यांचे दोन नियम आले होते. परका धागा घालू नये. रंग जुळेल, जाडी जुळेल, पण पहिल्या धुण्यात कापड त्याला उघडं पाडेल. हा पहिला. आणि दुसरा, सैल पडलेल्या टाक्याला हात लावू नये. एक ओढलास तर शेजारचे चार खेचले जातात. तसाच ठेव. कपडा अंगावर चढला, वापरात आला की टाका आपोआप बसतो.

चाळीस वर्षं ती या दोन नियमांवर जगली. दोन्ही कधी खोटे ठरले नाहीत.

डावा डोळा लहानपणीच गोवरात गेला होता. त्याची काच पांढरी झालेली. जे काय होतं ते उजव्यावर. आणि तो एका दुपारी, एका जाडजूड ब्लँकेटच्या कुसळानं दुखावला. ती चोळत राहिली. चौथ्या दिवशी पू झाला. औषधांनी जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं. भर मध्यावर.

चौदा महिने ती खिडकीखाली बसली आणि हातांनी दोऱ्यांचे गुंडे निवडत राहिली. लोकर, सूत, रेशीम. स्पर्शानं कळायचं. रंग भाचीला विचारावा लागे.

"हा कोणता?"

"तपकिरी."

"तपकिरी म्हणजे कोणता? तपकिरी छप्पन्न असतात."

"आत्या, मला एकच दिसतो."

"मग आपल्या दोघींत आंधळं कोण?"

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, फूल पडलेली बुबुळाची काच कापून काढायची आणि तिथं दुसरी बसवायची. मरणानंतर डोळे दिलेल्या कुणाची तरी.

"माझंच कुठून काढता नाही येणार?" आत्यानं विचारलं. "म्हणजे, आतल्या दुमडीतून. जिथं कुणी बघत नाही तिथून."

डॉक्टर हसल्या. "दुमड असती तर काढलं असतं, मावशी. दुसऱ्या कुणाचीच लागेल."

"परकी."

"परकीच. पण बुबुळाची काच ही शरीरातली वेगळीच जागा आहे. तिथं रक्तवाहिन्या नसतात. रक्त तिथं फिरकतच नाही. म्हणून तर ती आरपार दिसते. आणि म्हणूनच तिथं परकं कुणी येऊन राहिलंय हे शरीराला सहसा कळत नाही."

"म्हणजे घरात पाहुणा, आणि घरच्यांना पत्ता नाही."

"तसंच काहीसं."

"आणि कळलं तर?"

"कळू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

फोन सकाळी साडेदहाला आला. काच आली आहे, लगेच निघा. भावानं इस्त्री बंद केली, काउंटरवर पाटी उलटी केली आणि तिचा हात धरला. गाडीत बसल्यावर तिला एकच गोष्ट सुचत राहिली. आली म्हणजे कुठून आली? काल या वेळेला ती कुणाच्या तरी डोळ्यात होती. काहीतरी बघत होती.

स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला तिनं विचारलंच.

"एका माणसाची आहे म्हणे," तो म्हणाला. "मला जास्त माहीत नाही."

एवढंच तिला कळलं. पुढे कधीही, कुणीही यापेक्षा जास्त सांगितलं नाही. तसा नियमच होता.

काच बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला इस्त्रीचं टेबल दिसलं. पाचव्यात भावाचा चेहरा.

"म्हातारा झालास रे."

"तू बघत नव्हतीस ना ताई, तेवढ्यात उरकून घेतलं."

तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा सुईला लागली. आधी जाडंभरडं, मग बारीक. एकच गोष्ट तिनं भावाला सांगितली नाही. तिला प्रत्येक वस्तू दोनदा दिसायची. एक ठळक, आणि तिच्या खांद्याशी एक फिकट. दाराच्या चौकटीला चिकटून फिकट चौकट. माणसामागे फिकट माणूस. तिनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की नव्या काचेच्या कडेनं सोळा टाके आहेत, त्यांचा ताण सगळीकडे सारखा नाही, त्यामुळं काच किंचित वेडीवाकडी ओढली गेली आहे. पुढे टाके निघतील तसं बसेल.

ताण म्हणजे काय हे आत्याला शिकवायची गरज नव्हती. तिला ते पटलं. पटलं तरी घरी आल्यावर ती भाचीला हळूच म्हणाली, "एक मी बघते. एक तो बघतो."

भाचीच्या हातात थेंबांची बाटली होती. ती म्हणाली, "आत्या, असं बोललीस तर मी थेंब घालायला येणार नाही."

"घाबरलीस?"

"हो."

"मीपण," आत्या म्हणाली, आणि डोळा उघडा धरला.

तिनं त्याचं नाव पाहुणा ठेवलं. तो कसा दिसत असेल ते तिला सुचायचं नाही. चेहरे तिला कधी सुचतच नसत. पण एका सकाळी बाही सुचली. उजव्या हाताची, मनगटाशी आतल्या बाजूनं झिजलेली. म्हणजे लिहिणारा असावा, किंवा टेबलावर हात घासत हिशेब करणारा. मग कॉलर सुचली. मागून विरलेली, म्हणजे मान वर करून बघणारा. असा तो तुकड्यातुकड्यानं जमत गेला. काम सुरू करण्याआधी ती आता मिनिटभर खिडकीबाहेर बघायची. समोर एका गोदामाची विटांची भिंत होती, आणि तिच्यावरून उतरणारा पाण्याचा पाइप. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काय बघतेस?" भावानं विचारलं.

"मी नाही," ती म्हणाली, आणि तिनं सुई उचलली.

पाचव्या महिन्यात टाका सैल पडला.

भावाचा दाढीचा आरसा भिंगाचा होता. तो खिडकीत धरून ती रोज सकाळी आपला डोळा बघायची. डॉक्टरांचं काम तिला आवडायचं. काळ्या, केसाहून बारीक दोऱ्याचे सोळा टाके, घड्याळातल्या आकड्यांसारखे गोलात लावलेले. त्यातला चारच्या जागचा एक त्या सकाळी उचललेला दिसला. अगदी जरासा. दुसऱ्या कुणाला आरशात तो दिसलाही नसता. थोडं टोचत होतं. पण नवं काम टोचतंच.

इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं. लाली, दुखणं, टोचणं, नजर धूसर होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यावं. भाचीनं तो कागद दोनदा वाचून दाखवला होता. आत्याला तो पाठ होता. पण त्याच्याही आधीपासून तिला दुसरं काही पाठ होतं. सैल टाक्याला हात लावू नये. इस्पितळात गेलं तर तो ओढणार. डॉक्टरांचा हात चांगला, पण तरुण. शेजारचे चार खेचले गेले तर? इतकी सुरेख बसलेली काच. दुसऱ्याच्या हातचं काम बिघडू नये म्हणून ती गप्प राहिली. पाहुण्याला धक्का लागू नये म्हणून गप्प राहिली. आळस नव्हता, भीतीही नव्हती. तिनं काळजी घेतली. चूक झाली ती अशी.

सहाव्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्यावर, चारच्या दिशेला, एक लाल रेघ आली. दहाव्या दिवशी ती काळ्याच्या कडेला टेकली. बाराव्या दिवशी कडा ओलांडून आत आली. सरळ. वळणं न घेता. त्या टाक्याच्या रोखानं. पंधराव्या दिवशी शेजारी दुसरी. रोज सकाळी ती आरसा धरून उभी राहायची, आणि तिला वाटायचं की बाहेरून कुणीतरी लाल दोऱ्यानं उभे धागे ताणायला घेतले आहेत. हात सफाईदार होता. एकही धागा वाकडा नव्हता.

तिला तेव्हा कळलं होतं का? भाचीनं पुढे हे विचारलं. आत्या म्हणाली, "कळलं होतं. पण टाका बसेल असं वाटत होतं."

त्या दिवसांत थेंब आत्या स्वतःच घालून घ्यायची. एकोणिसाव्या दिवशी भाचीनं थेंब घालताना डोळा पाहिला आणि बाटलीचं झाकण न लावताच ती बापाला हाक मारत पुढे लाँड्रीत गेली.

डॉक्टरांनी यंत्रावर तिची हनुवटी टेकवली, उजेडाची पातळ फीत डोळ्यावरून फिरवली. फीत चारच्या जागेवर थांबवली.

"हा टाका कधीपासून सैल आहे?"

"एकोणीस दिवस."

"मोजलेत?"

"मोजायची सवय आहे."

"मग आला का नाहीत?"

आत्यानं वडिलांचा नियम सांगितला. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी यंत्राचा दिवा विझवला.

"मावशी, कापड मेलेलं असतं," त्या म्हणाल्या. "हे जिवंत आहे. जिवंत जागेत टाका सैल राहिला की तिथं चुरचुरत राहतं, सूज येते. मग शरीर तिकडे रक्त पाठवायला रस्ते बांधतं. एरवी तिथं एकही रस्ता नसतो. तुमचे तीन झालेत. दोन नव्या काचेच्या कडेला येऊन टेकलेत."

"म्हणजे घरच्यांना कळलं."

"दारापर्यंत आलेत. आत नाही आले अजून."

टाका काढायला श्वासभराचा वेळही लागला नाही. सुईच्या टोकानं तोडला, चिमट्यानं उचलला. शेजारचा एकही हलला नाही. आत्या तो काळा दोरा डॉक्टरांच्या हातमोज्यावर बघत राहिली. पापणीच्या केसापेक्षा लहान होता.

मग उपचार सुरू झाले. दर तासाला थेंब. भावानं काउंटरवरच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावलं, फक्त थेंबांसाठी. "लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे थेंब घालून." दोन आठवड्यांनी डोळ्याच्या पांढऱ्यात एक इंजेक्शन. नव्या रक्तवाहिन्यांना वाढायचा निरोप शरीर पाठवतं, तो निरोपच हे औषध अडवतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिन्यानं पुन्हा. त्यानं दोन वाहिन्या बारीक झाल्या. तिसरी हटेना. ती जाड होती, सगळ्यात आधी आलेली.

"ती सुईनं बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "वाहिनीत बारीक सुई घालायची आणि सुईला क्षणभर उष्णता द्यायची. आतल्या आत बंद होते."

"सुई बघू?"

डॉक्टरांनी दाखवली. आत्यानं ती उजेडाकडे धरली, टोक बघितलं, नखावर हलकेच टेकवून पाहिलं.

"अहो मावशी, आता ही टाकून द्यावी लागेल. दुसरी काढते."

"चांगली आहे. आमच्याकडे असली मिळत नाही." मग ती म्हणाली, "तुमची रफू मात्र उघडी दिसते हं, डॉक्टर."

"दिसते. काचेला दुमड नसते ना."

आत्या हसली. त्या इमारतीत ती तेवढीच एकदा हसली.

डोळा बधिर केला होता. दुखलं नाही. फक्त एक बारीक चटका जाणवला, आणि पुसट जळका वास आला. लोकर जाळून पाहिल्यावर येतो तसा. अस्सल लोकर ओळखायला ती तेच करायची.

महिन्याभरानं आरशात लाल रेघा नव्हत्या. तिनं डॉक्टरांना तसं सांगितलं. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, "रक्त गेलंय. पण नळ्या आहेत. रिकाम्या, राखाडी. बारीक बघितल्या तर दिसतात. आमच्या भाषेत त्यांना भुतं म्हणतात."

"चेष्टा करता?"

"नाही. पुस्तकातसुद्धा तेच नाव आहे. त्या जात नाहीत. काही निमित्त झालं, थोडी सूज, थोडा जंतू, की एका दिवसात रक्तानं भरू शकतात. रस्ता नव्यानं बांधावा लागत नाही ना. म्हणून थेंब सोडायचे नाहीत. आणि काहीही वाटलं तर त्याच क्षणी यायचं. दिवस नाही, क्षण."

ती घरी आली ती हेच घेऊन. तीन रिकामे रस्ते. आणि त्या टोकाला तिचंच रक्त, वाट बघत. परक्याला माणूस दार लावून घेईल. पण आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार कुणाची करायची? भावाला, भाचीला दिसलं की ती बदलली. पायऱ्या सावकाश उतरू लागली. खोकला आला तर तोंड दाबून धरायची. रागवायची बंद झाली, कारण राग आला की रक्त उसळतं असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. भावानं एका गिऱ्हाइकाचा रेशमी सदरा इस्त्रीनं पिवळा केला, तेव्हाही ती फक्त "असू दे" म्हणाली. भावाचा चेहरा उतरला. "ताई, दोन शिव्या दे गं," तो म्हणाला. "असं नको करू."

दुपारी काम करताना मध्येच ती सुई थांबवायची आणि कान दिल्यासारखी बसायची.

"काय ऐकतेस?" भाची विचारायची.

"ऐकत नाही. त्यांना चाहूल लागू नये म्हणून बसते."

असे आठ महिने गेले. नजर टिकली. ती काम करत राहिली. फिकट जोडीदारही टिकले, दाराशी, खिडकीशी, माणसांशी. त्यांची तिला सवय झाली होती. सकाळी ते दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा. पाहुणा अजून आहे.

थंडी सरत असताना एक बाई कोट घेऊन आल्या. पुरुषाचा, जाड लोकरीचा. डाव्या कोपरावर विरून भोक पडलेलं, आणि भोकाभोवती कापड जाळीसारखं झालेलं.

आत्यानं बाही खिडकीशी नेली. "टेबलावर डावं कोपर टेकून बसायचे. हनुवटी हातावर."

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"नाही. कोट सांगतो." तिनं बाही उलटी केली. "कुणाला द्यायचाय?"

"मलाच घालायचाय."

"तुम्हाला फार मोठा होईल."

"होऊ दे."

आत्यानं प्रथमच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिनं जे विचारलं ते ती कुणालाच विचारायची नाही, पण मेलेल्या माणसाचा कपडा हातात आला की दर वेळी तिच्या जिभेवर यायचं. "त्यांनी डोळे दिले होते?"

 पुढे भावानं इस्त्री टेकवल्याचा आवाज आला.

"इस्पितळात कुणीतरी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. तेव्हा काही सुचत नव्हतं. आता सारखं आठवतं. घरात कुठंही बसले तरी आठवतं. मी नाही म्हटलं."

आत्यानं कोटाचा खालचा काठ उलटला, आतली दुमड बघितली. तिथली लोकर नव्यासारखी होती. "भरपूर धागा आहे," ती म्हणाली. "नाही दिसणार. आठवड्याभरानं या."

ते काम तिनं जसं केलं तसं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. भाची म्हणते, ती कोटाशी बोलायची. काय बोलायची ते ऐकू येत नसे. दुमडीतले धागे सोडवून तिनं ओल्या फडक्यावर एकेक ठेवले. रंगाला नाव दिलं, पहाटेच्या डांबराचा. दोन दिवस उभे धागे ताणण्यात गेले. तिसऱ्या दिवशी आडवे सुरू झाले. दर तासाला घड्याळ वाजे, भाची थेंब घालून जाई. एकही थेंब चुकला नाही. हे सांगायला हवं. या वेळी काहीच चुकलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, सुई विसाव्या आडव्या धाग्याच्या मध्यावर असताना, तिनं मान वर केली. समोर पाण्याचा पाइप एकच दिसला. त्याच्या शेजारचा फिकट पाइप नव्हता. तिनं दाराकडे पाहिलं. चौकट एकच, आणि तीही वाफेतून बघावी तशी. उजेड बोचायला लागला.

रफूत ओळ अर्ध्यावर सोडत नाहीत. ताण बदलतो, पुन्हा बसलं की तिथं रेघ दिसते. वडील तर जेवणाची हाकही ओळ संपल्याशिवाय ऐकत नसत. आत्यानं हात काढून घेतला. कोट मांडीवरून खाली ठेवला, भिंतीला हात लावत पुढे आली.

"चल," ती भावाला म्हणाली.

"काय झालं?"

"डोळा. चल."

चाळीस मिनिटांत ती यंत्रासमोर होती. डॉक्टरांनी बघितलं. तिन्ही रस्ते भरले होते. एक काचेच्या कडेवरून आत गेला होता.

"कधीपासून?"

"आत्ता. मघाशी."

"लगेच आलात," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळा लागला.

सहा आठवडे त्यांनी जे जे होतं ते केलं. थेंब अर्ध्या-अर्ध्या तासाला. शिरेतून औषध. इंजेक्शनं, पुन्हा सुई. वाहिन्या मागे हटल्या. पण काच फुगली ती उतरली नाही. पांढरी होत गेली, कडेकडून मध्याकडे. सातव्या आठवड्यात आत्याला खिडकी कुठं आहे ते कळे, समोर माणूस आहे की खुर्ची ते कळे. त्यापुढे नाही.

डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. दुसरी काच बसवता येईल. पण आधी तिथल्या वाहिन्या पुन्हा पुन्हा बंद कराव्या लागतील, महिने जातील. आणि त्यानंतरही टिकण्याची शक्यता निम्म्याहून कमी.

"आणखी एकाला बोलवायचं," आत्या म्हणाली, "आणि माझ्या रक्तानं त्यालाही हाकलायचं?"

"तुम्ही नाही हाकललंत, मावशी. रक्त त्याचं काम करतं."

"तेच तर. त्याला कामच तेवढं." थोडा वेळ ती मांडीवरचे हात चाचपत बसली. "त्या एकोणीस दिवसांत मी आले असते, तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "सांगता येत नाही."

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत, त्यासाठी आत्या त्यांना मानते, असं भाची सांगते.

दुसऱ्या काचेचं तिनं अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. ती खिडकीखाली बसते. भाचीला एकदा म्हणाली, "आता सगळं एकेकच आहे. आणि तेही धुक्यात. तो उठून गेला, मला न सांगता. मी तरी त्याला कुठं सांगितलं होतं."

कोटवाल्या बाई आठवड्यानं आल्या होत्या. नंतर महिन्यानं. मग परवा. भाऊ म्हणाला, दुसरा एक रफू करणारा आहे पलीकडच्या रस्त्याला, त्याच्याकडून पुरा करून देतो. आत्यानं नको म्हटलं. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा, जोड दिसेल. भोकासकटच घालायचा असेल तर घेऊन जा, ती बाईंना म्हणाली. बाईंनी कोपरावर बोट फिरवलं, सुईशी थांबल्या, आणि कोट तिथंच ठेवून गेल्या.

तो खिडकीशेजारच्या खुंटीवर आहे. डाव्या कोपरावर बेचाळीस उभे धागे ताणलेले, सगळे सारख्या ताणाचे. एकोणीस आडवे पुरे झालेले. ते शोधून सापडत नाहीत. विसावा एकवीस उभ्या धाग्यांपर्यंत गेलाय, एकाच्या वरून, एकाच्या खालून. तिथं सुई कापडात आहे, आणि नेढ्यातून धाग्याचं टोक खाली लोंबतंय.